जातीय बहिष्काराची तक्रार तंटामुक्ती समितीत मिटवावी का?

प्रश्न

माझे मामा मराठवाड्यातील एका गावी बौद्ध वस्तीत राहतात. मामेभावाची वरात मारुतीच्या देवळासमोरून नेल्यापासून गिरणीवाला त्यांचा दळणाचा डबा तसाच परत पाठवतो, किराणा दुकानात रोख पैसे देऊनही माल मिळत नाही आणि मामींना खुरपणीला कोणी बोलावत नाही. मामा पोलीस ठाण्यात जायला निघाले, तेव्हा तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांनी ‘समजुतीचा कागद करू, गावाचे नाव कशाला घालवता’ असे म्हणून त्यांना थांबवले. मामांनी त्या कागदावर सही करावी का?

उत्तर

करू नये. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने बांध, वाटणी आणि भाऊबंदकीचे असंख्य वाद कोर्टाची पायरी न चढता मिटवले, हे मी मनापासून मानतो; परंतु अनुसूचित जातीच्या कुटुंबावर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा आहे आणि तो आपसांत मिटवण्याची मुभा त्या कायद्यात नाही. कागदाने गुन्हा संपत नाही, मात्र पुढे आरोपीचा वकील तोच कागद ‘तक्रार उरलीच नव्हती’ म्हणून न्यायालयात दाखवतो आणि मधल्या काळात साक्षीदार फिरतात. ठाण्यात फिर्याद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवावा. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, हेही मामांना सांगून ठेवा.

उत्तर

एक खुलासा आवश्यक वाटतो. समितीतील मंडळी अनेकदा २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याचा हवाला देतात, कारण त्यात पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असल्यास तडजोड होऊ शकते. तो कायदा मुख्यतः जातपंचायतीने आपल्याच समाजातील माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध आहे. इथे सवर्ण गावकऱ्यांनी बौद्ध कुटुंबाचे व्यवहार तोडले आहेत, त्यामुळे ही गल्लत मामांनी मान्य करू नये. शिवाय तिथेही परवानगी न्यायालयाची लागते, समितीची नव्हे.

उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरी समितीला पूर्ण बाजूला सारावे असे मला वाटत नाही. खटला उभा राहील तेव्हा राहील, पण दळण उद्याच लागणार आहे. अध्यक्षांना खरोखर मध्यस्थी करायची असेल, तर त्यांनी सही मागायला मामांच्या दारी न येता गिरणीवाल्याच्या आणि दुकानदाराच्या दारी जावे, व्यवहार विनाअट सुरू करायला लावावेत आणि फिर्यादीचा विषयही काढू नये. फिर्यादीनंतर दबाव आला, तर २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५-अ नुसार पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण मागता येते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीकडेही अर्ज करावा. १४५६६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तोपर्यंत कोणत्या तारखेला, कोणी, कोणासमोर माल नाकारला याची नोंद मामींनी वहीत करून ठेवावी, कारण दुकानात आणि गिरणीवर बहुतेक वेळा त्याच गेलेल्या असणार.