हायब्रीड गाडी, मागून पंख्याचा आवाज अन् वॉर्निंग, बॅटरी खरंच गेली का?

रावेर_केळीवाला:
राम राम मंडळी. गाडी स्ट्राँग हायब्रीड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिन अन् बॅटरीवरची मोटर दोन्ही, प्लग लावून चार्ज करायची भानगड नाही. कंपनी मॉडेल मुद्दाम लिहत नाही, नाहीतर सगळे त्याच्यावरच भांडत बसतील. पुण्याहून सेकंडहँड घेतली, अ‍ॅव्हरेज एक नंबर, त्याची तक्रार नाही. पण मे लागला की लफडं सुरू. दुपारी जळगावला निघालो की सावद्याच्या पुढं मागच्या सीटजवळून पंख्याचा आवाज, इतका की फोनवरचं बोलणं समजत नाही, मग स्क्रीनवर हायब्रीड सिस्टीमची वॉर्निंग येते अन् गाडी मरगळते, ओव्हरटेक करायला पिकअपच नाही. सावलीत लावून जरा थांबलं की परत नीट.

सर्व्हिस सेंटरवाल्यानं लॅपटॉप लावला अन् लगेच म्हणे मोठी बॅटरी गेली, पूर्ण पॅक बदला. आकडा ऐकून घरी सांगायची हिंमत नाही झाली. बॅटरीची वॉरंटी वर्षांत बाकी आहे पण किलोमीटर पार झालेत, त्यामुळं तो विषय संपला.

अजून दोन गोष्टी. अजिंठा घाट उतरून फर्दापूरकडं येताना मधेच इंजिन जोरात ओरडायला लागतं, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना. अन् ब्रेक मारत असताना खड्डा आला की क्षणभर ब्रेक सुटल्यासारखा वाटतो, परत लागतो. पोरं गाडीत असतात म्हणून विचारतोय, हे सेफ आहे का?

भो_चोपडा:
हाई काय नवीन लचांड शे भो 😂 डिझेल घ्यायची होती, आपल्याकडं गल्लीतला मिस्त्री पण खोलतो. ४५ डिग्रीत माणूस बंद पडतो, बॅटरीचं काय घेऊन बसलात.

भुसावळ_लोको:
चोपडावाले, डिझेल पण उकळतं हो मे महिन्यात, ते सोडा.

केळीवाले भाऊ, मी इलेक्ट्रिक लोको शेडमधून रिटायर, पोराकडं हायब्रीड आहे अन् तिचं मॅन्युअल मीच जास्त वाचलंय. तुमच्या तीन तक्रारींचा एकमेकींशी संबंध नाही, वेगवेगळ्या बघा.

घाटातला आवाज हा बिघाड नाहीच. उतारावर चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनरेटर होते, वीज बॅटरीत जाते. आमच्या थ्री फेज लोकोत हीच वीज वरच्या वायरीत परत जाते, तिकडं घ्यायला दुसरी गाडी असते. तुमची बॅटरी एवढीशी, घाट अर्धा उतरायच्या आत फुल, मग पुढची वीज ठेवायची कुठं? म्हणून सिस्टीम पेट्रोल न देता इंजिन नुसतं फिरवते, गाडीला रोखायला. तोच तो आवाज. स्क्रीनवर बॅटरीच्या कांड्या बघा, फुल झाल्या की ओरडतं. गिअरच्या दांड्याला बी (उतारावर इंजिननं गाडी रोखायची पोझिशन) असेल तर घाट सुरू होतानाच टाका, ब्रेक तापत नाहीत. सपाटीला मात्र बीमधे चालवू नका, अ‍ॅव्हरेज खातं.

ब्रेकचं जरा सिरियस घ्या. हलका ब्रेक मारला की बराचसा भार मोटर घेते. चाक खड्ड्यात उचललं किंवा घसरलं की एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची सिस्टीम) मोटरचं काम थांबवून ऑइलच्या ब्रेकवर जातं, ती अदलाबदल होताना पायाला पोकळ लागतं. थोडं असणं नॉर्मल, जास्त असेल तर नाही. २०१० साली टोयोटानं नेमकं याच कारणानं प्रियस अन् इतर हायब्रीड मिळून जगभरात ४ लाख ३७ हजारच्या आसपास गाड्या परत बोलावल्या होत्या, एबीएसचं सॉफ्टवेअर बदलून दिलं. २०१४ मधे परत प्रियसच्या सुमारे १९ लाख, तेव्हा इन्व्हर्टरमधले (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देणारा डबा) ट्रान्झिस्टर जास्त तापून गाडी चालता चालता बंद पडायची शक्यता होती, तिथं पण उपाय सॉफ्टवेअरचाच. म्हणून तुमचा चेसिस नंबर देऊन कोणतं अपडेट किंवा रिकॉल बाकी आहे का ते विचारा, सेकंडहँड मालकाला पण रिकॉलचे पैसे लागत नाहीत. अन् तसं झालं तर पाय उचलू नका, दाबूनच धरा, लोक घाबरून सोडतात अन् परत मारतात तिथं अंतर जातं. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? हायब्रीडचे पॅड लवकर झिजत नाहीत म्हणून कोणी चाक उघडूनच बघत नाही, मग कॅलिपरच्या पिना जाम होतात, डिस्कला गंज धरतो, पावसाळ्यानंतर जास्तच.

धुळे_जिनिंगवाला:
लोकोकाकांनी ब्रेकचं सांगितलं, मी पंख्याचं सांगतो कारण ते आमच्याकडं होऊन गेलंय. मागच्या सीटच्या खाली नाहीतर बाजूला एक छोटी जाळी दिसेल, बहुतेक हायब्रीडमधे बॅटरी थंड करायला पंखा तिथून केबिनमधली हवा ओढतो. म्हणजे एसी लावून केबिन थंड असेल तर बॅटरी पण थंड. जाळीच्या आत फिल्टर असतो, काढून साफ करायचा असतो, ही गोष्ट विकणारा कधी सांगत नाही अन् सर्व्हिसवाले पण विचारल्याशिवाय उघडत नाहीत. माझं काम जिनिंगचं, सीझनला कपड्यावर, सीटवर सगळीकडं कापसाची रुई, आमच्या गाडीच्या फिल्टरवर गोधडीसारखा थर निघाला, हवा जायला जागाच नव्हती. पंखा बिचारा फुल स्पीडला ओरडणार नाहीतर काय करणार. बॅटरी तापली की सिस्टीम स्वतःला वाचवायला पॉवर कमी करते, तुमचं मरगळणं तेच वाटतंय. सावलीत थांबल्यावर बरी होते म्हणजे तापमानाचा संबंध आहेच.

सीट कव्हर घातलंय का? जाळीवर सामान ठेवता का, केळीच्या फण्या, गोणपाट, ब्लँकेट?

दुसरं, लॅपटॉपवर कोणता कोड आला ते लिहून मागा. पी०ए८० आला तर मशीन सरळ पॅक बदला म्हणतं, पी०ए८१ किंवा पी०ए८२ हे पंख्याचे. नुसतं बॅटरी गेली या शब्दावर एवढे पैसे देऊ नका.

रावेर_केळीवाला:
भाऊ तुमच्या पाया पडतो. जाळी शोधायलाच वेळ लागला, आधीच्या मालकानं बसवलेल्या रेग्झिनच्या कव्हरखाली निम्म्याच्या वर झाकलेली. कव्हर कापलं, फिल्टर काढला, काळी माती अन् केस, त्यांच्याकडं कुत्रं असावं. धुऊन वाळवून लावला. पंख्याचा आवाज आता बराच कमी, पण भर दुपारी लांब नेऊन बघायची आहे अजून. कोडचा कागद आणला, पी०ए८० च आहे. म्हणजे गेली का शेवटी? अन् इथला एक ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो पॅक मी खोलतो, खराब सेल बदलून देतो, चार पैशात काम.

भुसावळ_लोको:
नाही. अजिबात नाही. ते १२ व्होल्टचं वायरिंग नाही, मॉडेलनुसार २०० च्या आसपास व्होल्ट डीसी असतात बॅटरीत अन् काही गाड्यांत इन्व्हर्टर ते ५०० च्या वर चढवतो. नारंगी केबल दिसल्या की हात मागं. सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची वीज तोडायचा खटका) काढल्यावर सुद्धा कपॅसिटरमधे साठलेली वीज उतरायला १० मिनिटं थांबायचं असतं, रबरी हातमोजे घालून. त्या भाऊकडं ते हातमोजे आहेत का विचारा, उत्तरावरून कळेल. फिल्टर बाहेरून साफ केला ते ठीक, त्याच्या पुढं ट्रेनिंग झालेलाच माणूस.

अमळनेर_ताई:
विषय निघालाच आहे तर बॅटरी सोडून दोन गोष्टी लिहते, आमच्या घरी यावरूनच वाद असतो. हायब्रीड उभी असली तरी रेडीमधे, म्हणजे चालूच असते, आवाज काहीच नाही, माणसाला वाटतं बंद आहे. सासरे बटण न दाबता उतरून घरात गेले, एसी चालूच, बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू. आमचं पार्किंग उघड्यावर म्हणून काही नाही, पण शटर लावलेल्या गॅरेजमधे हे झालं तर धूर घरात, कार्बन मोनॉक्साइडला वास पण नसतो. उतरताना डॅशबोर्डवर रेडी लिहिलेलं गेलं का ते बघायचं, एवढी सवय लावली सगळ्यांना. अन् बाजारात हळू चालवताना समोरच्याला गाडी आल्याचं कळतच नाही, आपल्याकडं गाई, शेळ्या, म्हाताऱ्या बाया रस्त्याच्या मधून. युरोपात २० किमीच्या आतल्या स्पीडला आवाज काढणारं यंत्र नव्या हायब्रीडला सक्तीचं आहे, तुमच्या गाडीत असेल तर त्याचा स्विच बंद करू नका. नसेल तर हॉर्न.

बंद पडली तर क्रेनवाल्याला पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. चाक फिरलं की मोटर वीज बनवते, आत नुकसान होतं. सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची, मोटर पुढच्याच चाकांना असेल तर पुढची दोन चाकं उचलून नेली तरी चालते. पारोळ्याजवळ क्रेनवाला ऐकेचना, मिस्टरांनी मॅन्युअलचं पान दाखवलं तेव्हा मानला.

भो_चोपडा:
ताई हे भारी सांगितलं, मस्करी बाजूला. आमच्या भावकीत एकानं घेतलीय, महिनाभर उभी ठेवली तर सुरूच होत नव्हती, सगळे म्हणे मोठी बॅटरी गेली, निघाली छोटी १२ व्होल्टची डाऊन.

धुळे_जिनिंगवाला:
हो, छोटी डाऊन असली की गाडी रेडीच होत नाही, कारण मोठी बॅटरी जोडणारा रिले, म्हणजे आतला स्विच, तिच्यावर चालतो. अन् डाऊन असताना उगाच बाकीचे कोड पण दाखवते. तिला जंप देता येतो, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून सुरू करता येते, पण हायब्रीडनं दुसऱ्याच्या गाडीला जंप देऊ नका.

केळीवाले भाऊ, पी०ए८० हा पॅकमधल्या ब्लॉकच्या (काही सेल मिळून एक ब्लॉक) व्होल्टेजमधे फरक जास्त झाला की येतो. तापून आलाय की एखादा ब्लॉक खरंच मेलाय हे नुसत्या कोडवरून नाही कळत. छोटी बॅटरी तपासून घ्या, कोड पुसायला सांगा, मग दुपारी एसी लावून जळगावपर्यंत चालवा अन् चालत्या गाडीत स्कॅनर लावून प्रत्येक ब्लॉकचा व्होल्टेज अन् तापमान बघायला लावा. सगळे ब्लॉक जवळजवळ सारखे असले तर पॅक चालू द्या. एकच ब्लॉक जोर लावताना धपकन खाली पडत असेल तर मग खर्च आहे, पण तेव्हाही दुसऱ्या शहरातल्या सेंटरचं एस्टिमेट घेऊनच. त्या आकड्यांचा फोटो इथं टाका, बघू.