फलकावरचं ‘ग्राम’ खोडून ‘नगर’ लिहिलं, पुढे?

पाणंद (धागाकर्ता)

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरातलं, तालुक्याचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा मुद्दा सोडून माणसांवर घसरते. २०१४ मध्ये राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करायचं ठरवलं आणि त्या लाटेत आम्हीही ‘शहर’ झालो. बीड जिल्ह्यात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, केज, आज सगळीकडे नगरपंचायतच आहे. तिकडे कोकणात दोडामार्ग, वैभववाडीसारखी लहान गावंही सुटली नाहीत.

माझं मत असं की आमच्यासारख्या गावाला हा सौदा महागात पडला. पैसा वाढला, हे मी नाकारत नाही. पण काम कुणाला सांगायचं तेच कळेनासं झालं.

एक उदाहरण देतो. ग्रामपंचायतीत एक वॉलमन होते, सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. गावात पाण्याचे जुने-नवे चाळीसेक व्हॉल्व्ह, त्यातले निम्मे रस्ते होता होता डांबराखाली गेलेले. कुठल्या गल्लीला किती आटे फिरवले की टोकाच्या घरापर्यंत पाणी चढतं, हे मामांच्या मनगटात होतं. नगरपंचायत झाली, कर्मचाऱ्यांचं समावेशन झालं, तेव्हा मामा आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, बसले नाहीत. शिक्षण चौथी आणि जुन्या हजेरीपटावर अर्ध्या वर्षांची नोंदच नाही. आता ठेकेदाराची पोरं पाणी सोडतात. मागच्या वैशाखात आमच्या गल्लीला अकरा दिवस पाणी नव्हतं. पोरांनी तीन ठिकाणी खड्डे घेतले, व्हॉल्व्ह सापडेना. शेवटी मामांना घरून बोलावून आणलं. ते आले, विजेच्या खांबाला पाठ लावून उभे राहिले, चार पावलं मोजली आणि म्हणाले, “हाण इथं.” दोन फुटांवर व्हॉल्व्ह निघाला. मामांना चहा पाजला आणि परत घरी सोडलं.

दुसरं म्हणजे ग्रामसभा गेली. वर्षातून किमान ४ वेळा सरपंचाला गावासमोर बसावं लागायचं. आता १७ नगरसेवक आहेत आणि एकेकाच्या प्रभागात पाचशे-सहाशे मतं. ज्याने त्याने आपापल्या प्रभागात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. गावाची म्हणून जी गोष्ट असते, पाण्याची टाकी, स्मशानभूमी, बाजारतळ, ती कुणाच्याच प्रभागात येत नाही.

आणि एक गंमत बघा. पंचायत समितीची इमारत आमच्या गावात आहे, पण पंचायत समितीला आम्हाला मत नाही. आम्ही आता नागरी ना!

तुमच्याकडे काय अनुभव?

खडीक्रशर

ग्रामसभेचं हे गुणगान वाचून हसावं की रडावं कळेना. दादा, तुम्ही किती ग्रामसभांना बसला होतात? मी १२ वर्षं बसलो. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते लागतं. आमच्याकडे कधी चाळीसच्या वर माणूस जमला नाही. मग सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून पुढच्या वेळी १५ जणांत सगळे ठराव मंजूर. शिपाई वही घेऊन घरोघर सह्यांना फिरायचा. माझ्या वारलेल्या चुलत्याचीही सही एकदा सापडली. तुम्ही म्हणता ती ‘गावासमोर बसलेली’ ग्रामसभा मी तरी पाहिली नाही.

आता मी पाहिलेलं सांगतो. पूर्वी आमच्याकडे कडब्याची गंज पेटली की जिल्ह्याहून बंब निघायचा. तो पोचेपर्यंत राख उरायची आणि बंबावरची माणसं राखेवर पाणी मारून, पंचनाम्याला उभी राहून परत जायची. आता नगरपंचायतीची स्वतःची अग्निशमन गाडी आहे. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या वाड्याला आग लागली, गाडी दहा मिनिटांत दारात. गाडीवरचं पोरगं नवखं होतं, पाइप जोडताना त्याचे हात थरथरत होते, पण तीन घरं वाचली. त्या तीन घरांना जाऊन विचारा की ग्रामपंचायत परत हवी का.

आणि घरकुलाचं तुम्ही सोयीस्कर गाळलंत. पंतप्रधान आवास ग्रामीणमध्ये मूळ अनुदान १ लाख २० हजार. शहरीमध्ये केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक, म्हणजे अडीच लाख. गरिबाला दुपटीहून जास्त मिळालं, ते तुमच्या व्हॉल्व्हपेक्षा मोठं नाही का?

वाडीवरची

अडीच लाख कुणाला मिळाले ते पण सांगा ना दादा. गावठाणात ज्यांच्या नावावर जागा होती त्यांना. आम्ही वाडीवरचे, हद्दीत घेतले गेलो. आमची घरं वडिलांच्या वडिलांच्या नावावर, वाटण्या तोंडी झालेल्या. बांधकाम परवानगी, नकाशा, मालकीचा उतारा, एवढे कागद जुळवता जुळवता सासरे गेले.

आमच्याकडे निम्मी माणसं दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याला जातात, ती उन्हाळ्यात परत येतात. परत आल्यावर पाऊस पडेपर्यंत हाताला काम काय? पूर्वी मनरेगावर बांधबंदिस्ती, शेततळं, काहीतरी निघायचं. मनरेगा ग्रामीण भागापुरती. आमचं जॉबकार्ड गावासोबतच ‘शहरी’ झालं आणि ट्रंकेत पडलं. गोठ्याचं अनुदान, विहिरीचं अनुदान, तेही त्यातलंच. ओढ्याच्या पलीकडची वस्ती शेजारच्या ग्रामपंचायतीत आहे. त्यांना गोठे झाले, जलजीवनचे नळ आले. आम्ही अलीकडे उभं राहून बघतो. माझ्या म्हशीला कसं सांगू की तू आता शहरात राहतेस?

तरी मी पाणंद यांच्या सगळ्या बाजूने नाही. ग्रामसभेत बाईने बोललेलं किती जण ऐकून घ्यायचे ते मला विचारा. महिला ग्रामसभा असायची म्हणून तिथे तरी आम्ही वाडीच्या दिव्याचा विषय काढला. मोठ्या सभेत तो विषय ‘आयत्या वेळचे’ मध्ये गेला आणि तिथेच राहिला. दिवा लागला तो नगरसेविकेने लावला. आमच्या प्रभागातून बाई निवडून आली आहे आणि तिला पाचशेच मतं लागतात म्हणूनच ती आमच्या दारात येते. सरपंच कधी वाडीवर आला नव्हता.

फेरफार

नोकरीची बरीच वर्षं याच कागदांत गेली, म्हणून थोडं लिहितो. कुठे ते विचारू नका.

दोघेही अर्धं बरोबर बोलताय. ग्रामपंचायत चालते १९५८ च्या अधिनियमावर, नगरपंचायत १९६५ च्या. पहिलीत निदान कायद्याने तरी गावाची सभा आहे. दुसरीत सगळा भार निवडून आलेली सभा आणि मुख्याधिकारी यांच्यावर. मुख्याधिकारी चांगला मिळाला तर वर्षभरात गाव बदलतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण छोट्या नगरपंचायतीला पूर्णवेळ मुख्याधिकारी टिकतो कुठे? एकाकडे दोन-दोन गावांचा कार्यभार, अभियंता आठवड्यातून दोन दिवस. नगररचनेचा माणूस तर सणासारखा येतो. लोक म्हणतात नगरपंचायत काम करत नाही. काम करायला खुर्चीत कुणी बसलेलं लागतं.

पाण्यापुरतं वाडीवरच्या ताईंना सांगतो. जलजीवन तुम्हाला मिळणार नाही हे खरं, पण २०२१ पासूनची अमृत २.० ही केंद्राची शहरी पाणीयोजना सगळ्या नागरी संस्थांना लागू आहे, नगरपंचायतही त्यात येते. तुमच्या गावाचा प्रस्ताव गेला का, गेला असेल तर कुठे अडकला, हे माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर विचारता येतं.

मामांसारख्या माणसांचं मात्र वाईट झालं. ग्रामपंचायतींनी वर्षानुवर्षं माणसं राबवून घेतली आणि नोंदी ठेवल्या नाहीत. समावेशनाच्या वेळी फाइल उघडली तेव्हा माणूस समोर उभा आणि कागदावर कुणीच नाही. हे पाप नगरपंचायतीच्या खाती लिहू नका, पाणंद. ते तुमच्या लाडक्या ग्रामपंचायतीचं आहे.

हडपसरला_असतो_मनाने_गावी

छत्रपती संभाजीनगरजवळचं पाटोदा बघा. कर पूर्ण भरणाऱ्याला दळण मोफत. हिवरेबाजार बघा, पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवतात. दोन्ही ग्रामपंचायतीच आहेत. ग्रामपंचायत असूनही गाव सुधारतंच की.

खडीक्रशर

आले पुण्याहून! अहो, पाटोद्याला भास्करराव पेरे होते, हिवरेबाजारला पोपटराव पवार. आमच्या गावाला कोण? व्यवस्था अशी पाहिजे की साधा, मध्यम कुवतीचा माणूस खुर्चीवर बसला तरी कचरा उचलला जावा. तुम्ही जत्रेला येता तेव्हा गाव झाडलेलं दिसतं ना, ते घंटागाडीमुळे. घंटागाडी ग्रामपंचायतीच्या काळात होती का, सांगा.

हडपसरला_असतो_मनाने_गावी

घंटागाडी आहे, पण कचरा टाकतात कुठे? वेशीबाहेरच्या ओढ्यात. जत्रेला आल्यावर तोही दिसतो. पूर्वी उकिरडे होते, वर्षातून एकदा ते शेतात जायचे. आता प्लॅस्टिकसकट सगळं एका जागी पेटवतात.

पाणंद (धागाकर्ता)

फेरफार साहेब, मामांच्या नोंदीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. ते मला सुचलं नव्हतं, आणि जरा लागलंही, कारण ज्या काळात हजेरी लागली नाही त्यातली पाच वर्षं माझे थोरले काका पंचायतीत सदस्य होते.

खडीक्रशर, अग्निशमन गाडीही मान्य. पण सह्यांची वही घरोघर फिरायची म्हणून ग्रामसभाच नको, हा न्याय मला पटत नाही. ग्रामसभा पोकळ होती तरी दार होतं. चिडलेला माणूस वर्षातून एकदा तरी उठून “हिशोब दाखवा” म्हणू शकत होता, आणि तो म्हणाल्याची इतिवृत्तात नोंद व्हायची. आता सभा असते ती नगरसेवकांची. मी बाहेर व्हरांड्यात बसून चपला मोजतो.

वाडीवरची ताई, म्हशीचं वाचून हसलो आणि मग हसू गेलं.

चौथीचा_वर्ग

शाळेचं कुणी काढलंच नाही म्हणून लिहिते. आमची शाळा जिल्हा परिषदेची. गाव नागरी झालं तरी शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिली. दोन वर्षांपूर्वी वादळात एका वर्गाचे पत्रे उडाले. मी अर्ज घेऊन जिल्ह्याला गेले, तर उत्तर मिळालं की तुमची हद्द आता नागरी, तिथेच विचारा. नगरपंचायतीत गेले, तर म्हणाले, शाळा आमची नाही, खर्च टाकता येत नाही. दोन पावसाळे पोरं व्हरांड्यात. शेवटी पत्रे कुणी घातले? गावातल्या गणेश मंडळाने. त्या वर्षी डीजे लावला नाही, त्या पैशातून. मंडळाची पोरं स्वतः वर चढली होती. त्यातला एक माझाच विद्यार्थी, पाचवीत गणितात नापास केलेला. खाली वाकून म्हणाला, “बाई, किती पत्रे लागतील ते बरोबर मोजलं बघा.”

तेव्हा ग्राम की नगर या भांडणात मला रस नाही. माझी तक्रार मधल्या भेगेची आहे. दोन्हीकडचे साहेब खोटं बोलत नव्हते, दोघांच्याही कागदात मी बसत नव्हते.

खडीक्रशर

बाई, ही गोष्ट छान आहे, पण याच गोष्टींचा मला धसका आहे. मंडळाने पत्रे घातले की पुढच्या वेळी साहेब म्हणणार, मंडळ आहे की! इर्जिक, सावड, लोकवर्गणी, सगळं ठीक. पण मी घरपट्टी भरतो. ती पूर्वीपेक्षा जास्त भरतो. मग पत्रे माझ्या वर्गणीतून का?

चौथीचा_वर्ग

कारण पाऊस थांबत नव्हता.

वाडीवरची

फेरफार दादा, अमृतचा अर्ज कसा लिहायचा? मला नमुना टाका. जॉबकार्डाचंही विचारायचं आहे. हद्दीतून वाडी वगळता येते का? शेजारच्या ग्रामपंचायतीत जायला आमची ना नाही.

फेरफार

हद्द बदलणं राज्य शासनाच्या हाती आहे. अधिसूचना, हरकती, लांबचं काम. मागणी करता येते. पण ताई, वाडी बाहेर गेली तर तुमची नगरसेविका जाईल आणि दिव्याचं बिल पुन्हा सरपंचाकडे. विचार करून सांगा. अर्जाचा नमुना रात्री टाकतो.

वाडीवरची

दिवा आणि गोठा, दोन्ही पाहिजेत.

पाणंद (धागाकर्ता)

मामांकडे आत्ता जाऊन आलो. म्हटलं, फोनमध्ये एकेका व्हॉल्व्हची जागा नोंदवून ठेवू, तुम्ही फक्त चालत दाखवा. आधी नाही म्हणाले. “मला काढलं तेव्हा कुणी विचारलं नाही, आता नकाशा कशाला?” मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, रोजचे चारशे रुपये आणि कागदावर नाव लागेल. ठेकेदाराच्या नाही, नगरपंचायतीच्या कागदावर. ते द्यायचा अधिकार मला नाही. उद्या मुख्याधिकाऱ्यांना भेटायला जातोय, त्यांचा आमच्याकडचा वार मंगळवार आहे. खडीक्रशर, तुम्ही येताय का? तुमची घरपट्टीची पावती सोबत आणा.

खडीक्रशर

येतो. ११ वाजता. पण साहेब १२ शिवाय येत नाहीत, हे ग्रामपंचायतीच्या काळातही असंच होतं.