मदत हवी आहे: गुहेचा ए१ नकाशा ए४ अंकात वाचनीय कसा ठेवायचा?

राष्ट्रीय गुहा संघटनेच्या वार्तापत्राचा अंक लावतोय. २४ पानं, ए४, मधोमध पिन. दोन सर्वेक्षण नकाशे आलेत, दोन्ही ए१ पीडीएफ, मूळ प्रमाण १:५००.

ए४ वर आणले की लांबी साधारण ०.३५ पट होते. ०.२५ मिमीची भिंतीची रेघ ०.०९ मिमी उरते, ती कशीबशी छापली जाते. पण उताराच्या आणि दगडगोट्यांच्या ०.१३ मिमी रेघा तुटतात, आणि ८ पॉइंटची दालनांची नावं ३ पॉइंटच्याही खाली जातात. 'प्रमाण १:५००' हा मजकूर तर चक्क खोटा ठरतो; तो काढून फक्त मीटरपट्टी ठेवली आहे, कारण ती नकाशाबरोबरच लहान होते.

जोडपानावर, म्हणजे ए३ वर, निम्मा आकार मिळतो आणि बरंच निभावतं. पण सलग कागद फक्त १२-१३ पानांवर. दुसरा नकाशा इतरत्र टाकला तर दोन पानं वेगवेगळ्या कागदांवर येतात, मधली रेघ एक-दोन मिमी सरकते आणि नेमका अरुंद बोगदा घडीत जातो.

दुसऱ्या नकाशासाठी काय करावं? घडीचं सुटं पान घालावं, की सर्वेक्षकांकडून थेरियनची (गुहांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) मूळ फाइल मागून १:१००० ला नव्याने काढावा, म्हणजे चिन्हं आणि अक्षरं त्या प्रमाणाला साजेशी येतील? तसं केल्यावर नावं एकमेकांवर चढतात का? ज्यांनी केलंय त्यांनी रेघांची जाडी कळवा.

गुहेची जागा उघड होऊ नये म्हणून प्रवेशद्वाराचे अक्षांश-रेखांश नकाशावरून आणि फोटोंच्या फाइलमधूनही काढून टाकलेत, त्याची काळजी नको.