शब्दचर्चा: ‘इन-हाउस मूव्हमेंट’ला मराठीत काय म्हणायचं?

चाकोरी:
घड्याळांवर लिहिताना ‘इन-हाउस मूव्हमेंट’पाशी (म्हणजे कंपनीने दुसऱ्याकडून न घेता स्वतःच बनवलेलं, घड्याळ चालवणारं आतलं यंत्र) माझं गाडं अडतं. ‘घरगुती यंत्र’ लिहिलं की घरघंटी डोळ्यांसमोर येते. मूव्हमेंटला ‘हालचाल’ म्हटलेलंही वाचलंय, त्यावर न बोललेलं बरं.

तिसरा काटा:
मूव्हमेंटचं कोडं नाहीच. घड्याळजी मागचं झाकण उघडतो आणि म्हणतो, “मशीन चांगलंय, तेल सुकलंय.” मशीन!

अडचण ‘इन-हाउस’ची, कारण तो शब्द मुळातच निसरडा. २००९च्या डिसेंबरात टॅग हॉयर या स्विस घड्याळ कंपनीने ‘कॅलिबर १८८७’ हे आपलं स्वतःचं क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाचं) मशीन म्हणून गाजावाजा करून जाहीर केलं. आकडाही घराण्याचाच : १८८७ साली कंपनीचे संस्थापक एदुआर हॉयर यांनी क्रोनोग्राफमधल्या झुलत्या पिनियनचं (छोट्या दातेरी चाकाचं) पेटंट घेतलं होतं. शौकिनांनी फोटो निरखले आणि रचना ओळखीची निघाली. जपानच्या सीकोचं टीसी७८! मग कंपनीने सांगितलं, हो, आराखड्याचे हक्क सीकोकडून विकत घेतलेत. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जाँ-क्रिस्तॉफ बाबँ यांना जाहीर खुलासा करावा लागला. गंमत म्हणजे मशीन बनत होतं स्वित्झर्लंडमध्येच. शब्द धड खराही नाही, धड खोटाही नाही.

चाकोरी:
मग ‘स्वनिर्मित’?

उसनवार:
तोच खड्डा. निर्मिती कल्पनेची की कारागिरीची, ते त्यातून कळत नाही. ‘बेतलेलं’ घ्या. ‘सीकोच्या मशीनवर बेतलेलं.’

तिसरा काटा:
‘बेतलेलं’ जरा उदार वाटतं. शिंपी कापड बेततो तेव्हा माप गिऱ्हाइकाचं असतं. इथे मापही सीकोचंच, हॉयरने थोडे फेरफार केले. पण ‘नक्कल’ म्हणणंही अन्याय, रीतसर पैसे मोजलेत. आणि ‘उसनं’ही नाही (नावावर जाऊ नका!), कारण उसनं परत करायचं असतं.

उसनवार:
मान्य. आपल्याकडे एचएमटीने १९६१ पासून जपानच्याच सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळं काढली. ते कुणी लपवलं नाही, म्हणून आजोबांच्या एचएमटी ‘जनता’ घड्याळाला कुणी खोटं म्हटलं नाही. टॅग हॉयरवरचा राग जपानी आराखड्याचा नव्हता, तो आधी न सांगण्याचा होता.

चाकोरी:
आराखडा एकाचा, घडण दुसऱ्याची, असे दोन शब्द वेगळे ठेवले तर? ‘घडण’ शब्द घड्याळाला शोभतोही.

तिसरा काटा:
शोभतो, पण नातं लावू नका. घड्याळ आलं ‘घटिके’वरून, २४ मिनिटांच्या. घडवण्याशी थेट संबंध नाही.

चाकोरी:
बरं. मग लिहिते : ‘आराखडा सीकोचा, घडण स्विस.’ संपादक ‘इन-हाउस’च हवं म्हणाले, तर हा धागा पाठवीन.