गावात कासवं येतात, मग होमस्टे काढावा का?

सड्यावरचा
नमस्कार. आमचं गाव देवगड तालुक्यात, समुद्राला लागून. गेल्या दोन हंगामांत आमच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी सापडली. गावातल्या मंडळींचं म्हणणं, रत्नागिरीतल्या वेळास गावासारखा कासव महोत्सव करूया, पोरांना गावातच काम मिळेल. आंब्याचा भरवसा उरला नाही. यंदा आमचा मोहोर दोनदा गळला. मुंबईची नोकरी सोडून मी दीड वर्षापूर्वी परत आलोय. माडीवर तीन खोल्या चढवायला कर्ज काढावं असं मनात आहे. वडील म्हणतात, माणसांची जत्रा भरली की कासवं पुन्हा फिरकायची नाहीत. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

पुण्याचा भटक्या
अनुभव पाहुण्याच्या बाजूचा. २०१९ च्या मार्चमध्ये मुलीला घेऊन वेळासला गेलो होतो. संध्याकाळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलल्या, एकाही घरट्यात पिल्लू नाही. सकाळी पुन्हा गेलो तेव्हा अकरा निघाली. पिल्लं दिसतीलच असं नाही, हे घरमालकांनी फोनवरच सांगितलं होतं, म्हणून आदल्या संध्याकाळचा राग आला नाही. तुम्हीही तसंच आधी सांगा.

सुपारीची वाडी
दादा, खोल्या बांधू नका. हे आधी सांगते, मग बाकीचं.

मी दापोली तालुक्यातली. आमच्या पडवीत पहिले पाहुणे झोपले त्याला बारा वर्षं झाली. गाद्या चार होत्या, चादरी शेजारणीच्या. संडास-न्हाणी तेवढी नवीन बांधली, खर्च तोच. पाहुण्याला स्वच्छ संडास, गरम पाणी आणि वेळेवर जेवण मिळालं की तो खूश असतो. घावणे, कुळथाचं पिठलं, सोलकढी, जे आपल्या घरात शिजतं तेच वाढा. आता हंगाम मोजा. मादी साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येते, पिल्लं दिसतात फेब्रुवारी ते एप्रिल. त्यातही लोक येणार शनिवार-रविवारी. एवढ्या दिवसांवर कर्जाचा हप्ता फिटत नाही.

वेळासमध्ये २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे आणि मंडळींनी, अंडी राखायला सुरुवात केली. महोत्सव मागाहून आला. तुमच्याकडे अजून राखण बसलेली नाही आणि पाहुण्यांचं बोलणं चाललंय, हे मला पटत नाही.

राखण म्हणजे काय ते सांगते. माझे सासरे सांगायचे, पूर्वी पुळणीवर मादीचा माग दिसला की लोक टोपली घेऊन अंड्यांसाठी धावायचे. आता माझा मुलगा कासवमित्र आहे. पहाटे चारला बॅटरी घेऊन निघतो. कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी घरटं सापडलं पाहिजे. मादीनं केलेला खड्डा आत मडक्यासारखा फुगीर आणि वर गळ्याशी अरुंद असतो. त्यातली शंभर-सव्वाशे अंडी एकेक करून हातानं काढायची, कुंपणात तेवढ्याच खोलीवर ठेवायची, तारखेची पाटी लावायची. हे सगळं वनखात्याच्या परवानगीनंच. परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं गुन्हा आहे, हे तुमच्या पोरांना पहिल्या दिवशी सांगा. पन्नासेक दिवसांनी घरट्यावरची वाळू मधोमध किंचित खचते. ती खचली की आमच्या घरात कोणाला झोप येत नाही.

आता आमची चूक. एका मार्चमध्ये एका सहलवाल्यानं न कळवता पन्नास माणसांची बस आणली. आम्ही लोभानं सगळ्यांना ठेवून घेतलं. संध्याकाळपर्यंत बाव, म्हणजे आमची विहीर, तळाला गेली. पिल्लं सोडताना कोणीतरी मोबाईलचा दिवा लावला आणि सात-आठ पिल्लं समुद्राकडे पाठ करून माणसांच्या पायांत शिरली. पिल्लू उजेडाकडे धावतं, काळोखात त्याला उजळ दिसतो तो समुद्रच. एका बाईंची चप्पल पिल्लावर पडता पडता राहिली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर गाव बसलं आणि ठरलं: चौदा घरं, मिळून साठ पाहुणे, एकसष्टावा नाही. नोंदणी एकाच फोनवर, घरं पाळीनं, दर सगळीकडे एक. समुद्रापासचं घर असो की वरच्या वाडीतलं, पाळी आली की पाहुणा तिथेच. आणि माणशी ठरलेली रक्कम राखणीच्या खात्यात. त्यावरून भांडणं झाली, अजून होतात. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची सुपारी आडवी झाली, टाळेबंदीमुळे पाहुणेही नव्हते, तेव्हा त्या खात्यात शिल्लक होती. त्या डिसेंबरात पोरांचं मानधन एक दिवस चुकलं नाही. घरटी राखली गेली.

सड्यावरचा
ताई, मनापासून आभार. खोल्यांचा विचार सोडला. अजून एक विचारतो. पुळणीला लागूनच बाहेरची एक व्यक्ती रिसॉर्टसाठी जागा बघतेय. आणि वडिलांच्या भीतीचं काय?

सुपारीची वाडी
वडील बरोबर आहेत. मादी उजेड, माणसांची हालचाल बघून पाण्यातूनच मागे फिरते, हे मुलानं डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून आमच्याकडे पाहुण्याला रात्री पुळणीवर बंदी आहे, कोणाचाही पाहुणा असो. २०२१ साली ओडिशात टॅग, म्हणजे ओळखीचा बिल्ला, लावलेली मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. सबंध दक्षिण टोकाला वळसा घालून येणारीला आपण काळोख तरी द्यायला हवा. रिसॉर्टचं बांधकाम सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांत, बसतं का ते ग्रामपंचायतीला लेखी विचारा, आणि पुळणीवर दिवे नकोत असा ग्रामसभेचा ठराव आत्ताच करून घ्या. जागा विकली गेल्यावर कोणी ऐकत नाही.

वडिलांना एक विचारा: त्यांच्या लहानपणी माग पुळणीच्या कुठल्या टोकाला दिसायचा? ते लिहून ठेवा, पोरांना पहाटे तिथून सुरुवात करता येईल. आणि डिसेंबरात वडिलांना घेऊन आमच्याकडे दोन दिवस या. पैशाचं बोलायचं नाही. मुलगा पहाटे चारला उठवेल, स्वेटर आणा.