२५ पट जमली, पण दिवसाचं काय?

लवकर निवृत्त व्हायचं तर वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम जमली की नोकरी सोडायला हरकत नाही, असं बरेचदा सांगितलं जातं. त्याचं मूळ अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांच्या १९९४ च्या अभ्यासात आहे. तो अमेरिकी बाजाराच्या आकड्यांवर आणि ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी होता; पंचेचाळिशीत थांबणाऱ्याने तो जसाच्या तसा धरू नये. सुरुवातीच्या दोन-चार वर्षांतच बाजार पडला तर गणित कोलमडू शकतं.

पण मला जास्त काळजी वाटते ती मंगळवारी सकाळी अकराची. फोन वाजत नाही, कोणी काही विचारायला येत नाही, आणि घरातल्यांचा दिवस मात्र आधीच ठरलेला असतो. राजीनाम्याआधी महिनाभर रजा टाका, कुठे फिरायला न जाता घरीच राहून बघा. जोडीदाराशीही तेव्हाच मोकळेपणाने बोला.