काल्पनिक राज्याची कादंबरी मराठीत छापायची की नाही?

रामटेकची:
मराठीत अद्भुत कादंबरीला, म्हणजे फँटसीला, वाचक नाही, हे प्रकाशकांनी तपासून ठरवलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. छापत नाहीत म्हणून कोणी मागत नाही, आणि कोणी मागत नाही म्हणून छापत नाहीत. चर्चा व्हावी म्हणून लिहिते आहे, विरोधातली मतंही येऊ द्या.

मी नागपुरात राहते. माझी अशीच एक कादंबरी तीन भागांची आहे. पहिला भाग लिहून पूर्ण आहे, साधारण १ लाख ४० हजार शब्दांचा. राज्य काल्पनिक आहे, पण ते सुचलं भंडारा-गोंदियाच्या तलावांवरून. गोंडराजांच्या काळात कोहळी समाजाने हे तलाव बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन, असा रिवाज होता. नवेगावबांधच्या भोवतालच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. माझ्या राज्यात करार राजा करत नाही, पाणी करतं. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, फुटणार नाही, पण दर पिढीला घरातल्या एकाने आपली सगळी आठवण तळ्यात सोडायची. ज्या मुलीवर आता ही वेळ आलेली आहे, तिची ही गोष्ट.

पुण्याच्या एका संपादकांनी हस्तलिखित शेवटपर्यंत वाचलं, याचं मला मोल आहे. त्यांचा निरोप असा की भाषा उत्तम आहे, जादू काढून टाका, चांद्याच्या एखाद्या गोंडराजाचं नाव द्या, ऐतिहासिक कादंबरी म्हणून घेऊ. आणखी एका ठिकाणी पान न उलटता छपाईचा खर्च मागितला. दोन्हीकडे मी नकार दिला. खऱ्या राजाच्या नावावर न घडलेलं खपवणं चालतं आणि खोटं राज्य खोटं म्हणून सांगणं चालत नाही, हे मला मान्य नाही.

बर्डीवाला:
ताई, राग मानू नका, पण तुम्ही प्रकाशकालेच दोषी धरून राहिल्या. माझं सीताबर्डीत पुस्तकांचं दुकान आहे. हिशेब सांगतो.

१ लाख ४० हजार शब्द म्हणजे डेमी आकारात पावणेपाचशे-चारशेऐंशी पानं. १६ पानांचा एक फॉर्म धरला तर ३० फॉर्म. कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन सगळं धरून किंमत ६०० च्या खाली बसत नाही. त्यातले चाळीसेक टक्के वितरक आणि दुकानदाराचे. दहा टक्के मानधन तुमचं. नव्या लेखिकेची आवृत्ती निघणार ५०० प्रतींची, म्हणजे शेवटची प्रत विकली गेली तरी तुमच्या हातात ३० हजार. प्रकाशकाचे पैसे मात्र तोवर गोदामात अडकलेले.

आणि मराठी पुस्तकाचं खरं गिऱ्हाईक कोण? वाचनालय. राज्यात अकरा हजारांवर सार्वजनिक वाचनालयं अनुदानावर चालतात. खेड्यातलं ड वर्गाचं वाचनालय ६०० रुपयांत तीन पुस्तकं घेईल, की तुमचा एक भाग? तोही पहिला! दुसरा येईल का, कधी येईल, कोणी सांगावं? माझ्या कपाटात अशी अर्धवट मालिका पडून आहे. लोक हातात घेतात, पुढचा भाग विचारतात, ठेवून देतात. संपादकाने जादूवर बोट ठेवलं, पण त्याची खरी अडचण जाडी आणि 'भाग पहिला' हे दोन शब्द असतील.

रामटेकची:
दादा, हिशेब मान्य. पण जादूच्या शाळेची जाडजूड भाषांतरं तुमच्याच दुकानातून जातात ना? तेव्हा जाडी आड येत नाही. जी पोरं ती वाचतात, त्यांना दहावीनंतर मराठीत पुढे काय द्यायचं? ती इंग्रजीकडे वळतात आणि परत येत नाहीत. मला ती पोरं हवी आहेत.

बर्डीवाला:
भाषांतराची जाहिरात जगाने आधीच केलेली असते ताई. तुमची कोण करणार?

धरमपेठ वाचक:
मला मूळ भूमिकाच पटत नाही. विदर्भात लिहायला काय कमी आहे? कापूस आहे, कर्ज आहे, कोळशाच्या खाणी आहेत, धरणाखाली गेलेली गावं आहेत. हे सगळं समोर असताना बोलणारं पाणी कशाला? मराठी कादंबरीने वास्तवाशी झगडून आपली जागा मिळवली, ती सोडून राजकन्या आणि चमत्कारांकडे परत का जायचं?

पोथीप्रेमी:
परत जायचं म्हणता, पण सुरुवात तिथूनच झाली आहे. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. मराठीतल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांपैकी एक, आणि ती अद्भुतरम्यच. त्याच्याही मागे जा. अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त गुणाढ्याची हकिगत आहे. त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा 'पैशाची' नावाच्या लोकभाषेत लिहिली आणि सातवाहन राजाकडे पाठवली. राजाने भाषेपायी ती नाकारली. मग गुणाढ्य रानात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचलेलं पान आगीत टाकू लागला. प्राणी चरणं विसरले, ऐकत बसले, वाळले. राजाच्या ताटात सुकं मांस येऊ लागलं, तो आजारी पडला, तेव्हा कुठे चौकशी झाली. सहा लाख श्लोक तोवर जळून गेले होते. आपल्या पैठणच्या दरबारातली गोष्ट आहे ही. नाकारणाऱ्याने आधी ऐकून तरी घ्यावं, एवढंच मी म्हणेन.

धरणाखालच्या गावांचं म्हणाल, तर घराण्याची आठवण तळ्यात सोडायला लावणारं पाणी हा त्याचाच विषय नाही का?

धरमपेठ वाचक:
असेल. पण मग ते सरळ लिहा. वाचकाला अर्थ लावत बसवू नका.

सालेकसा:
माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. मी गोंड आहे. कचारगडला माघ पौर्णिमेला आम्ही जातो ते पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या श्रद्धेने. तुमच्यासाठी जे अद्भुत, ते आमच्यासाठी देवघर आहे. आमचे देव उचलून त्यांना जादूगार केलेलं आम्हाला चालणार नाही. चंद्रपूरच्या किल्ल्याच्या दरवाजावर हत्तीवर चाल करणारा सिंह कोरला आहे, तो तुमच्या मुखपृष्ठावर शोभेसाठी येणार असेल तर आधी विचारा.

रामटेकची:
हा प्रश्न यायलाच हवा होता. लिंगो, जंगो, कुठलंही गोंडी पेन, म्हणजे दैवत, मी घेतलेलं नाही. देव, कुळं, चिन्हं सगळी नव्याने रचली आहेत. राज्य काल्पनिक ठेवण्याचं अर्धं कारण तेच आहे. संपादकांचं ऐकून खऱ्या राजाचं नाव दिलं असतं, तर तुमचा आक्षेप शंभर टक्के लागू झाला असता. तरी पहिली पाच प्रकरणं तुम्ही वाचावीत अशी विनंती आहे. खटकेल तिथे खूण करा, मी बदलेन.

सालेकसा:
पाठवा. वाचून बोलतो. पण आवडलं नाही तर इथेच लिहीन.

मुद्रितशोधक:
थोडं कामाचं. छपाईचा खर्च मागणाऱ्याला दिलेला नकार योग्यच. पैसे घेऊन छापणारा पुस्तक विकायला बांधील नसतो, प्रतींचे गठ्ठे तुमच्या घरी येतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. पानांचे नियम मात्र आधी बघा. विदर्भ साहित्य संघाच्या 'युगवाणी' या नियतकालिकाकडे एक स्वतंत्र उभं राहणारं प्रकरण पाठवा. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलं असेल तर आत्ताच युनिकोडमध्ये आणा. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार फुटतात. एवढ्या पानांत ते शोधायला महिना जातो.

बर्डीवाला:
मी पण एक बोलतो. पहिला भाग जिथे संपतो, तिथे पाळ फुटते का राहते, ते वाचकाले कळते का? कळत असेल तर मुखपृष्ठावर 'भाग पहिला' लिहू नका, एकटी कादंबरी म्हणून काढा. साडेतीनशे पानांत बसवा, किंमत ४५० च्या आत ठेवा. कोणी का छापेना, २५ प्रती मी रोख घेतो.

रामटेकची:
कळतं. पण साडेतीनशे पानं म्हणजे मुलीच्या आजीचा सगळा भाग काढावा लागेल, आणि करार तर तिनेच केलेला आहे. चारशेवर तयार आहे.

बर्डीवाला:
चारशे पानांले ४५० परवडत नाही कोणाले. आजी आधी वाचू द्या मले, मग बोलू.